जादा तास घेऊनही गुण का वाढत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या विज्ञानाच्या बाई फार तळमळीच्या. शाळेआधी जादा तास घेतात, रविवारीही बोलावतात. तरी चाचणीत हिचे गुण 40 पैकी 22-23 च्या पुढे सरकत नाहीत. माझ्या नणंदेच्या मुलाचे सर मात्र घंटा झाली की गाडीला किक मारून घरी. पण त्यांच्या वर्गातली पोरं 34-35 मिळवतात. मग शिक्षकाच्या तळमळीचा आणि गुणांचा संबंध असतो की नाही?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : असतो ताई. पण तुम्ही तो घड्याळात शोधताय. मी आधी मुलीची वही मागून घेईन.

भिंगाचं साधं गणित घ्या. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 20 सेंमीवर. प्रतिमा पलीकडे 20 सेंमीवरच मिळायला हवी. मुलीचं उत्तर येतं 6.67. वहीत लाल फुली पडते, फळ्यावरचं बरोबर उत्तर उतरवून घ्यायचं आणि चला पुढचं गणित. माझी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली, म्हणून सांगते, 6.67 दिसलं की शिक्षकाला तिथल्या तिथे कळायला हवं की पोरीनं वस्तूच्या अंतराला वजा चिन्ह दिलेलं नाही. सूत्र पाठ आहे, आकडेमोड बरोबर आहे, चिन्हांचा संकेत तेवढा डोक्यात बसलेला नाही. "वस्तू भिंगाच्या कुठल्या बाजूला ठेवलीस गं?" एवढं विचारलं तरी काम होतं. ते झालं नाही, तर जादा तासाला बसूनही 6.67 च येणार!

लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये या विषयावरचं ढीगभर संशोधन चाळून हेच मांडलं होतं : मूल कुठे अडलंय ते पाहून शिकवणं बदललं की गुण वाढतात, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा फायदा जास्त होतो.

मग बाईंची तळमळ खोटी का? अजिबात नाही. ती बहुधा पोर्शन संपवण्यात खर्ची पडतेय. आपल्याकडे पंचगंगा धोक्याच्या पातळीवर गेली की शाळांना सुट्टी. 2019 आणि 2021 चे पूर तुम्हीही पाहिलेत. त्यात निवडणूक, जनगणना आणि आपत्तीच्या कामांना शिक्षक लावायची मुभा शिक्षण हक्क कायद्यानंच दिलेली. गेलेले तास भरून काढायचे तर रविवारच उरतो, आणि त्या तासाला बाई बोलतात, मुलं लिहून घेतात.

नणंदेच्या मुलाशी तुलना मात्र सोडा. चाचणीचा पेपर ज्या त्या शाळेनं काढलेला. शिवाय तिथली किती पोरं क्लासला जातात, तेही बघावं लागेल. वेळेवर घरी जाणारे सर तासाला मुलांकडूनच गणितं सोडवून घेत असतील, तर ते कामचुकार नव्हेत.

आता काय करायचं? मुलीला विचारा, प्रात्यक्षिकाला भिंग स्वतःच्या हातानं सरकवून पडद्यावर प्रतिमा आणली होती का, की प्रयोगवही मैत्रिणीची बघून भरली? दुसरं खरं असेल तर घरीच भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडायला लावा. अंतर पट्टीनं तिनंच मोजायचं. बोर्डाला विज्ञानाच्या दोन भागांचे 40-40 आणि प्रात्यक्षिकासह अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात, पण या खटाटोपाचा उपयोग लेखी पेपरातच जास्त होतो.

आणि बाईंना भेटा. तक्रार नको, चुकलेली तीन-चार गणितं दाखवा आणि विचारा, "रविवारच्या तासातली पंधरा मिनिटं मुलांच्या चुकांवर देता येतील का?" शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जा. मधल्या सुट्टीत गाठू नका, तेवढ्यात त्यांचा चहासुद्धा होत नाही.