जर्मनीला इंटर्नशिपला निघालेल्या दारव्ह्याच्या पोराला

बाबू, व्हिसा हाती आला ना, मग आता बॅगेचं बोलू. आई तूप न् पेढे भरीनच. ते काढून ठेव. दुधाचे, मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. जवसाची चटणी न् मुगवड्या मात्र घे. खरं सांगतो, तिसऱ्या आठवड्यात त्या चटणीनंच मला तारलं.

आपल्याकडे मे म्हणजे ४५ अंश. तिथं मी त्याच महिन्यात स्वेटर घालून कुडकुडत होतो. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, आणि तेव्हा आपल्याकडे एक वाजलेला असतो. उजेड पाहून घरी फोन लावशील, न् बाबा दचकून उठतील.

रविवारी दुकानं बंद. माझा पहिला रविवार नुसत्या बिस्किटांवर गेला, म्हणून तांदूळ-दूध शनिवारीच आणत जा. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नको, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत भेटतात.

आणि प्रयोगशाळेत समजलं नाही तर विचार, गड्या. आपल्याला मोठ्यांसमोर मान खाली घालायची सवय. मी तसाच बसलो, तर सरांना दोन आठवडे वाटलं, मला सगळं समजतंय!