गुडघे, कॅमेरे आणि बिस्किटातला खिमा: रागूझा इब्लाला जाताना

प्रश्न: ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं इटलीच्या सिसिली बेटावर जातोय, मी, नवरा आणि सासूबाई (वय ६९, गुडघे दुखतात). एजंटने एकाच दिवसात नोतो, मोदिका, शिक्ली आणि रागूझा अशी चार बरोक गावं बसवलीत. झेपेल का?

उत्तर: चार चर्चच्या पायऱ्यांपुढे फोटो काढायचे असतील तर झेपेल! पण घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या गावाचा ते तुम्हालाच सांगता येणार नाही, कारण ही गावं मुळात बहिणी-बहिणी आहेत. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात सिसिलीचा हा अख्खा आग्नेय कोपरा जमीनदोस्त झाला आणि मग सगळ्यांनी साधारण एकाच काळात, एकाच मधाळ रंगाच्या दगडात, त्या वेळच्या फॅशनप्रमाणे म्हणजे कोरीवकामाने नटलेल्या बरोक शैलीत गावं पुन्हा उभी केली. अशी आठ गावं २००२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तुमची चारही त्यातलीच.

मी म्हणते रागूझाचा जुना भाग, म्हणजे इब्ला, धरा आणि तिथे दोन रात्री राहा. भूकंपानंतर काही लोक म्हणाले की वरच्या सपाटीवर सरळ रस्त्यांचं नवं गाव बांधू, पण जुनी उमराव घराणी हटूनच बसली, आम्ही आमची टेकडी सोडणार नाही म्हणाली आणि जुन्याच जागी बांधत सुटली. एकाची दोन गावं झाली आणि ती कागदोपत्री पुन्हा एक व्हायला १९२६ साल उजाडलं (भाऊबंदकी म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको). म्हणून इब्लात बोळ जुन्या गावाचे, वाकडेतिकडे, आणि त्यांच्या कडेला वाडे मात्र अठराव्या शतकातले, नटलेले.

आता गुडघे. वरच्या गावातून इब्लाला उतरायला सान्ता मारिया देल्ले स्काले चर्चपासून दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. तिथून समोर पसरलेलं इब्ला चुकवू नका, पण सासूबाईंना तो नजारा वरूनच दाखवा आणि पुढे सिटी बसने किंवा टॅक्सीने खाली न्या. पायऱ्या संपतात तिथेच खाली कोसेंतिनी वाडा आहे. त्याच्या बाल्कन्यांखाली मान वर करून निवांत बघा, आधाराच्या दगडांवर वेडेवाकडे चेहरे कोरलेत आणि काहींच्या तोंडातून जिभेच्या जागी साप-विंचू बाहेर आलेत. चुगलखोरांसाठी म्हणे! हे बघायला एकही पायरी चढावी लागत नाही.

इब्लातलं सान जॉर्जोचं मोठं चर्च रोसारिओ गाल्यार्दी या वास्तुविशारदाचं. ते मुख्य चौकाच्या टोकाला पायऱ्यांवर उभं आहे आणि चौकाकडे जरा तिरकं बघतं. घुमट नंतरचा, १८२० चा, ४३ मीटर उंच. गंमत अशी की चौकाच्या खालच्या टोकाला उभं राहिलं की तो दिसतो आणि जसजसं चढत जवळ जावं तसतसा दर्शनी भिंतीमागे बुडतो, म्हणजे इथे लांब बाकावर बसलेल्या माणसाला जास्त दिसतं. समोरच्या पायऱ्या बहुतेक वेळा बंदच असतात, आत जायला बाजूचा रस्ता आहे. दुपारी चर्च आणि दुकानं दोन्ही बंद, तेव्हा दुपारी झोपा आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर बाहेर पडा. दगडाचा खरा रंग तेव्हाच कळतो आणि दिवसाची टूरवाली गर्दीही तोपर्यंत निघून गेलेली असते.

प्रश्न: कार भाड्याने घ्यावी का?

उत्तर: एकाच गावात राहणार असाल तर नको. सिसिलीतल्याच कातानिया शहराहून बसने साधारण दोन तासांत रागूझा येतं. घेतलीच तर झेटटीएल (ZTL) ही अक्षरं पाठ करा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग. कुणी पोलीस अडवत नाही, वर कॅमेरा असतो बस्स. आम्ही इटलीतच दुसऱ्या एका गावात जीपीएसवर विश्वास ठेवून एका सुंदर बोळात शिरलो होतो, सुट्टी विसरून गेलो आणि काही महिन्यांनी दंडाचा कागद घरी, वर गाडीवाल्या कंपनीने पत्ता पुरवल्याची फी आधीच कार्डावरून कापलेली. इब्लाच्या पायथ्याशी पार्किंग आहे, तिथेच गाडी सोडा.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडंसुद्धा नाही. उपाशी राहू का?

उत्तर: अजिबात नाही, वांगी, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाचा प्रदेश आहे हो. स्काच्चा मागा, पातळ पोळीच्या घड्या घालून भाजलेली, टोमॅटो-चीजवाली. कपोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, सासूबाईंना नक्की आवडेल. आरांचीनी (भाताचे तळलेले गोळे) घेताना मात्र विचारा, आत बऱ्याचदा खिमा असतो. फक्त 'मी व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका, 'नियेंते कार्ने, नियेंते पेशे, नियेंते उओवा' असं स्पष्ट सांगा: मांस, मासे, अंडी काही नको. चीजबाबत कडक असाल तर रागूझानो हे इथलं चीज टाळा, त्याच्या विरजणात प्राण्याचं रेनेट (पोटातून काढलेला, दूध फाडणारा पदार्थ) असतं; मग स्काच्चातलं चीज कुठलं तेही विचारा.

मोदिकाचं चॉकलेट जरूर आणा, कमी आचेवर करतात म्हणून साखर विरघळत नाही आणि दाताखाली कचकच लागते, खराब निघालं म्हणून परत करायला जाऊ नका. पण त्याच दुकानात शेजारी अर्धचंद्राकार गोड बिस्किटं दिसतील, 'म्पानातिग्गी' नावाची, करंजीसारखीच दिसतात. आत चॉकलेट, बदाम आणि त्यातच बीफचा खिमा! चवीला मांसाचा पत्ताच लागत नाही, म्हणून आधीच सांगते.