न्यूरल स्टेम सेलच्या सिग्नलिंगची सुरुवात नॉचपासून कर

न्यूरल स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून मेंदूच्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. त्यांच्या पाथवेंची (संदेशमार्गांची) यादी पाठ करायला घेतली आहेस, ती आधी बाजूला ठेव. पहिला महिना फक्त नॉचला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, दे. शेजारीशेजारी दोन स्टेम सेल आहेत असं समज. एकीवर डेल्टा प्रथिन थोडं जास्त झालं, की ते शेजारणीच्या नॉचला जाऊन चिकटतं. शेजारणीत न्यूरॉन (चेतापेशी) होणं रोखणारी हेस जनुकं चालू होतात आणि ती स्टेम सेलच राहते. पहिली मात्र न्यूरॉन होते. ही अडवणूक नसती तर बहुतेक पेशी घाईने न्यूरॉन झाल्या असत्या आणि पुढचे थर बांधायला पेशीच उरल्या नसत्या. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

नवीन मुलं हमखास इथे चुकतात:

- एका सिग्नलचा एकच अर्थ धरतात. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) विंट हा दुसरा सिग्नल आधी स्टेम सेलची संख्या वाढवतो, नंतर त्यांनाच न्यूरॉन व्हायला लावतो. वाचताना गर्भाचा दिवस वहीत लिहीत जा.
- दिशा विसरतात. चेतानळीत, म्हणजे गर्भातल्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिच्यात, सॉनिक हेजहॉग हे सिग्नल-प्रथिन खालून (पोटाच्या बाजूने) येतं, बीएमपी हे दुसरं वरून (पाठीच्या बाजूने).

जमलं तर सुमारे ३३ तास उबवलेल्या कोंबडीच्या गर्भाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघ. नळीच्या बरोबर खाली गोल ठिपका दिसेल, तो नोटोकॉर्ड, म्हणजे सॉनिक हेजहॉग सोडणारा दांडा. हाताने चित्र काढ. स्मॅड (बीएमपीचा संदेश पेशीच्या आत नेणारी प्रथिनं) वगैरे सध्या नकोच.