अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हातमोजे सक्तीचे असावेत का?

हॉटेलात, कँटीनमध्ये किंवा गाडीवर काम करणारी माणसे उघड्या हाताने अन्न हाताळतात हे कितपत योग्य आहे आणि त्यांच्यावर हातमोज्यांची सक्ती करावी का, असा आपला प्रश्न आहे. एका कारखान्याच्या कँटीनमधील भटारखान्याची देखरेख मी बरीच वर्षे केली आहे. तो अनुभव आणि या विषयातील नियम यांच्या आधारे उत्तर देतो. जे अन्न पुन्हा विस्तवावर जाणार नाही, त्याला उघडा हात लागू नये, हे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु ते पाळण्यासाठी चिमटा, पळी, झारा, डाव किंवा कागदाचा तुकडा आधी हाताशी असावा आणि जिथे यांपैकी काहीच चालत नाही तिथेच हातमोजा घालावा, असे माझे मत आहे. सरसकट सक्तीच्या मी विरोधात आहे.

याचे कारण असे की, हाताला जे जे लागते ते ते मोज्यालाही लागते. पीठ, तेल किंवा मसाला लागलेला उघडा हात माणसाला स्वतःलाच नकोसा होतो आणि तो नळाकडे वळतो. मोज्यातल्या हाताला मात्र ओलावा किंवा चिकटपणा जाणवत नाही, त्यामुळे धुण्याची आठवणही होत नाही. सकाळी घातलेल्या एकाच मोज्याने कांदा चिरणे, कपाळाचा घाम पुसणे, फ्रिजचे दार उघडणे, मोबाईल खिशात ठेवणे आणि लगेच काकडी-टोमॅटोची कोशिंबीर ताटात वाढणे, हा क्रम मी अनेकदा पाहिला आहे. तो माणूस निष्काळजी असतो असेही नाही. मोजा घातला म्हणजे आपण नियम पाळला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अमेरिकेतील उपाहारगृहांमधील कर्मचाऱ्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही मोजे घातलेले असताना हात धुण्याचे प्रमाण कमी असल्याचे आढळले होते. शिवाय मोज्याच्या आत घाम आणि ऊब असल्याने जीवाणू वाढतात, स्वस्त मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यातून तो घाम अन्नात उतरू शकतो. म्हणून मोजा घालण्यापूर्वी हात साबणाने धुतलेच पाहिजेत आणि काम बदलले, पैशाला किंवा नाकातोंडाला हात लागला अथवा मोजा फाटला, की तो फेकून पुन्हा हात धुऊन नवा घातला पाहिजे. ज्या भटारखान्यात ही शिस्त आहे, तिथे मोज्यांचा उपयोग होतो.

आता हात लागल्यानंतर अन्नाचे पुढे काय होते, याकडे पाहू. उघड्या हाताने थापलेली भाकरी तापलेल्या तव्यावर जाते, हाताने वळलेला वडा उकळत्या तेलात जातो. तिथे मोज्याने साधण्यासारखे फारसे काही उरत नाही. उलट कढईजवळ प्लास्टिकचा पातळ मोजा घालून उभे राहणे धोक्याचे आहे, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. खरी काळजी घ्यायची ती चिरलेली फळे, कोशिंबीर, चटणी, पाव, मिठाई आणि पाणीपुरी यांच्याबाबतीत. न्यूयॉर्क परिसरात घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या मेरी मॅलन या बाईंचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांना स्वतःला कोणताही त्रास नव्हता, पण त्यांच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वस्ती करून होते. त्या जिथे कामाला होत्या त्या घरांत विषमज्वराच्या साथी येत गेल्या; १९०७ मध्ये जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्यांनी या साथींचा माग काढला, तेव्हा चांगले शिजवलेले पदार्थ संशयातून सुटले आणि कच्चे पीच चिरून घातलेल्या आइसक्रीमवर संशय गेला. पुढे १९१५ मध्ये नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना त्या पुन्हा सापडल्या. अशा हाताला मोजा चढवून प्रश्न सुटला नसता. त्या हाताने स्वयंपाकच करायला नको होता.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. बोटाला कापले असेल, फोड किंवा भाजल्याची जखम असेल, तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी आणि वरून मोजा हवाच. स्टॅफिलोकोकस हा जीवाणू जखमेत आणि नाकात राहतो आणि अन्न उबदार जागी ठेवले की त्यात विष तयार करतो. ते विष उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाही. पेढा, बर्फी, श्रीखंड, क्रीमचा केक यांसारख्या पदार्थांना हे विशेष लागू पडते. ज्याला जुलाब किंवा उलट्या होत आहेत, त्याला मोजा देऊन कामावर ठेवणे हा तर निव्वळ अविचार होय. त्याला घरी पाठवावे आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. पगार कापला जाणार हे ठाऊक असेल, तर कोणीही आपला आजार सांगणार नाही.

गाडीवर मला मोज्यापेक्षा पाण्याची चिंता अधिक वाटते. एकाच बादलीत प्लेटा विसळायच्या आणि त्यातच हात बुचकळायचे, अशी सोय असेल तर मोज्याने काहीच फरक पडत नाही. तोटी असलेली छोटी टाकी आणि साबण एवढ्याने बराच पडतो. दुसरी गोष्ट पैशांची. ज्या हाताने नोटा मोजल्या त्याच हाताने पाव उघडणे चूक आहे, मग त्या हातात मोजा असो वा नसो. गल्ल्यावर वेगळा माणूस बसवणे छोट्या विक्रेत्याला परवडत नाही, हे खरे. परंतु गाडीला लटकवलेल्या क्यूआर कोडने ही अडचण बरीच कमी केली आहे, आणि त्याचे श्रेय कोणी त्याला देत नाही याचे मला नवल वाटते. पाणीपुरीत तर विक्रेत्याचा हात मनगटापर्यंत पुन्हा पुन्हा मडक्यात जातो. तिथे मोजा घालण्याऐवजी पाणी पळीने पुरीत ओतावे.

राहिला सक्तीचा प्रश्न. कॅलिफोर्नियात तयार अन्नाला उघडा हात लावण्यास बंदी करणारा कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. सुशी बनवणारे आचारी आणि बारमधील कर्मचारी यांनी त्यास कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो रद्द झाला. आपल्याकडे अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीत अनुसूची ४ आहे. तिच्यात स्वच्छ कपडे, डोक्याचे आच्छादन, कापलेली नखे, हात धुणे आणि आजारी माणसाला अन्नापासून दूर ठेवणे या गोष्टींवर भर आहे. परवानाधारक व्यवसायांनी कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, त्यांना विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांविरुद्ध लस द्यावी आणि दोन्हींची नोंद ठेवावी, असेही तीत सांगितले आहे. ग्राहक मोज्यांबद्दल हटकून बोलतात; या नोंदवहीची मागणी मात्र आमच्या कँटीनमध्ये निरीक्षकांखेरीज कोणीही केली नाही. आपण जिथे नेहमी जेवता किंवा जिथून डबा मागवता, तिथे मालकाला ती अवश्य विचारावी.