अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये गुलाममुक्तीचं एवढं मोठं भित्तिचित्र का आहे?

कारण वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने ते नाकारलं आणि या लॉ स्कूलने ते आवर्जून करवून घेतलं. जॉन स्टुअर्ट करी या चित्रकाराने ही कल्पना आधी न्याय विभागाच्या इमारतीसाठी मांडली होती. मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक सरकारी भिंतीवर दिसले तर वाद होईल, या भीतीने ती बाजूला पडली. करी 1936 पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात निवासी चित्रकार होता. तिथले डीन लॉइड गॅरिसन हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांचे पणतू, त्यामुळे ग्रंथालयाच्या वाचनकक्षाची भिंत या विषयाला मिळाली. 1942 मध्ये चित्र पूर्ण झालं.

चित्राच्या मध्यभागी हात उंचावलेला मुक्त माणूस आहे, भोवती अमेरिकेतल्या यादवी युद्धातले उत्तरेकडच्या राज्यांचे सैनिक, आणि पुढच्या बाजूला त्या युद्धात मरून पडलेले सैनिक. माझ्या मते चित्राचं खरं बळ या मृत सैनिकांत आहे. आनंदाच्या प्रसंगातही त्याची किंमत नजरेआड होऊ दिलेली नाही, आणि कायदा शिकणारी मुलं रोज त्याच्यासमोर बसून वाचतात.

मात्र याला लॉ स्कूलचा इतिहास म्हणू नका. लॉ स्कूल 1868 चं, तर अमेरिकेतली गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती 1865 ची. चित्रात आहे ते संस्थेने स्वतःसाठी निवडलेलं मूल्य.