क्लायंटला लगेच डोळे मिटायला लावू नकोस

अगं, समुपदेशनाच्या सरावासाठी केलेला तुझा रोलप्लेचा व्हिडिओ बघितला. आवाज छान आहे तुझा, घाई नाही, पण पाच मिनिटं व्हायच्या आत "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या" आलं ना, तिथे मी पॉज केलं.

छातीत धडधडतंय म्हणून आलेल्या बाईला श्वासाकडे बघायला लावलं की कधीकधी ती धडधड अजूनच वाढते, आणि घरात मारहाण सोसलेल्या माणसाला अनोळखी खोलीत डोळे मिटायला सांगणं म्हणजे शिक्षाच. डोळे उघडेच राहू देत. पाय जमिनीला टेकलेत का, पंख्याचा आवाज येतोय का, हातातला ग्लास गार लागतोय का, सुरुवातीला एवढं बास, हेपण माइंडफुलनेसच आहे, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देणं. इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराआधी फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल विचारतात ते काय उगाच?

आणि माइंडफुलनेसला "अमेरिकेतलं सायंटिफिक टेक्निक" म्हणणारं ते वाक्य काढून टाक प्लीज. जॉन कबाट-झिननी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला हे खरंय, पण मूळ बौद्ध साधनेतलं, आणि समोर नागपूरची मुलगी असेल, 1956 च्या धम्मदीक्षेपासून घरात बुद्धवंदना होतेय, तर तू तिला तिच्याच घरची वस्तू इम्पोर्टेड म्हणून विकतेयस. अर्थात तिला ध्यानात इंटरेस्ट असेलच असंही धरू नकोस, आडनावावरून अंदाज बांधायची आपली खोड आहे ती दाराबाहेर ठेव. बॅकग्राउंडला ओंकार लावलायस तोही काढ, सगळ्यांना तो आपला वाटेलच असं नाही.

मग करायचं काय, तर विचारायचं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू आहे, पेशंट स्वतःच्या त्रासाकडे कसं बघतो ते समजून घ्यायचे 16 प्रश्न, पाठ करत बसू नकोस, पण त्यातला एक मी सोडतच नाही: घरच्यांना, ओळखीच्यांना काय वाटतं, हे कशामुळे होतंय? सासू म्हणते नजर लागली, नवरा म्हणतो मोबाईल, डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, आणि ती स्वतः चौथंच काहीतरी सांगते, तेही खाली बघून. खरं काम तिथून सुरू होतं. "नजर" ऐकून हसायचं नाही, लेक्चरही द्यायचं नाही. पण कुणी बाबा मारझोड करत असेल किंवा गोळ्या बंद करायला लावत असेल तर गप्पही बसायचं नाही, 2013 पासून आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे.

मग विचार, जरा बरं कशाने वाटतं? हरिपाठ, नमाज, बांधावर जाऊन बसणं, भांडी घासताना रडून घेणं, जे असेल ते. त्यातलंच पुढे न्यायचं. आणि त्रास सावकाराचा किंवा नवऱ्याच्या दारूचा असेल तर ध्यानाने तो जाणार नाही, हे तिला स्पष्ट सांग, नाहीतर बिचारी स्वतःलाच दोष देते की मला नीट जमत नाही.

आत्महत्येचा विषय निघाला तर हे सगळं बाजूला. थेट विचार, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर दे, सायकियाट्रिस्टकडे पाठव, आणि मला लगेच फोन कर, रात्री असला तरी.