विहीर आटली की झरे बुजले?

प्रश्न : काका, सलाम. आईला जाऊन सात महिने झाले. तिच्या सवयीने मीही रोज पहाटे बायबलमधलं स्तोत्र ४२ वाचते, ‘हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते...’ पूर्वी डोळे भरून यायचे. आता प्रार्थनेला बसले की लक्ष घड्याळाकडे. माझा विश्वास आटला का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, सलाम. २०१६ च्या उन्हाळ्यात आपण नाशिककरांनी रामकुंडसुद्धा कोरडं पाहिलंय, त्यामुळे ‘आटणं’ तुम्हाला मी काय सांगणार! पण तुमचा शब्द वाचून मला आठवली ती मामांची दिंडोरीकडची विहीर. वैशाखात ती तळाला जायची. आम्ही पोरं म्हणायचो, आटली. मामा म्हणायचे, “आटली नाही रे, झरे बुजलेत.” मग गडी आत उतरायचे. घमेल्या-घमेल्याने काळा, घाण वासाचा गाळ वर यायचा. एकदा त्यात मामींचा हरवलेला तांब्या निघाला होता. पुढचे दोन दिवस पाणी इतकं गढूळ असायचं की गुरंही तोंड लावत नसत. मग कपारीतून बारीक धार सुटायची.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली गंमत बघा. तिथे प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) बाईकडे पाणी मागतो. या विहिरीला मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आलेत. सहाव्या वचनात योहान तिला ‘झरा’ म्हणतो. बाई बोलू लागते तेव्हा मात्र तीच जागा ‘खणलेली विहीर’ होते. बाई हिशेबी, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे, असं ती प्रभूला ऐकवते. तो चौदाव्या वचनात पुन्हा झऱ्यावरच येतो, ‘उपळत्या पाण्याचा झरा’. बरं, प्रभू तिला देऊ करतो ते ‘जिवंत पाणी’ म्हणजे त्या काळच्या बोलण्यात साधं वाहतं पाणी, हौदात साठवलेलं नव्हे.

डोळे भरून येणं हा तुमचा पोहरा होता, ताई. तो हरवलाय. त्यावरून पाण्याचा निकाल लावू नका.

आता गाळाचं. स्तोत्र ४२ तुम्ही नवव्या वचनापर्यंत वाचता का? तिथे स्तोत्रकर्ता देवाला ‘माझा खडक’ म्हणतो आणि त्याच दमात विचारतो, तू मला का विसरलास? उपासनेत आपण ते भराभर उरकतो. देवावर रागावलोय हे कबूल करायची लाज वाटते. माझी बायको गेली तेव्हा मला ती लाज वर्षभर वाटली, आणि पाळकांसमोर मी छान हसत होतो.

तुमच्या पत्रात आईच्या आजारपणाबद्दल एक अक्षर नाही. गाळ तिथेच असावा, अशी मला शंका आहे. चुकत असेन तर कळवा. उद्या नववं वचन मोठ्याने वाचा आणि पुढे जे तोंडाला येईल ते बोला. गढूळ निघेल. निघू द्या.

आणि आईचं पवित्र शास्त्र कपाटात बांधून ठेवलं असेल तर बाहेर काढा. तिने या स्तोत्रात कुठल्या वचनाखाली रेघ ओढलीय, ते मला लिहा.